मुठीतली परकी गाठ

यासिर फोनवर अरबीत बोलायला लागला की सुगंधाच्या हातातलं काम आपोआप मंदावायचं. कणीक मळत असली तर मुठी थांबायच्या, भांडी घासत असली तर नळ बारीक व्हायचा. अरबी तिला येत नव्हती. सतरा वर्षं मस्कतात काढून पदरात पडले होते ते यल्ला, खलास, इन्शाल्ला एवढेच शब्द. पण सूर कळायचा. यासिर हसायचा, पलीकडून कुणी हसायचं, मध्येच ‘जनार्दन’ असं नाव यायचं, की परत हसणं. मग फोन ठेवून तो जनार्दनला सांगायचा, “खूश आहे. शुक्रवारी आणा म्हणाला.”

एवढ्या लांबलचक बोलण्यातून एवढंच?

“अहो, तो दुकानवाला जाफर हिंदी बोलतो ना चांगलं?” तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं. “कुरुमच्या दुकानात मी ऐकलंय त्याला. मग हा यासिर त्याच्याशी अरबीत कशाला बोलतो?”

“बोलू दे गो. येते म्हणून बोलतो,” जनार्दन म्हणाला आणि पुन्हा भिंगाखाली डोकं घालून बसला.

जनार्दनचं हे असंच. कुडाळकडचा माणूस, कंपनीत विजेची पॅनेलं जोडायचा. त्याने जोडलेलं कपाट उघडलं की आतल्या शेकडो वायरी वेणी घातल्यासारख्या दिसत. एक वायर दुसरीवरून आडवी गेलेली नाही, कुठे टोक लोंबत नाही, आणि दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. पण वायरीत इतकं सरळ बघणाऱ्या माणसाला माणसातलं वाकडं दिसत नाही, असं सुगंधाचं ठाम मत होतं.

तेलाचे भाव पडले त्या वर्षाची ही गोष्ट. कंपनीने चाळीस जणांना कामावरून कमी केल्याची पत्रं दिली, त्यात जनार्दनचं नाव होतं. डिसेंबर संपला की व्हिसा संपला. उर्वी दहावीला, आणि तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. ऐन परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड उचलून पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, या विचाराने सुगंधाची झोप उडाली होती.

त्यात ही तलवार आली. जाफर हा मस्कतचाच व्यापारी. कुरुममध्ये त्याचं दुकान, खेळण्यांचं आणि सिनेमातल्या वेषांचं. इंग्रजी सिनेमात असते तशी उजेडाच्या पात्याची तलवार घ्यायला मोठमोठे बाप्ये त्याच्याकडे येत. बाहेरून मागवलेल्या तलवारी महिन्याभरात बिघडायच्या, आणि उघडल्या की आत वायरींचं घरटं. जाफरला स्वतःच्या दुकानात बनवणारा माणूस हवा होता. नमुना पसंत पडला तर तो जनार्दनला कामाला ठेवणार होता आणि व्हिसा आपल्या नावावर करून घेणार होता. ही बातमी आणली यासिरने.

यासिर रत्नागिरीच्या खाडीकाठचा. मस्कतातल्या बौशर भागात यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. तलवारीची मूठ त्याने ॲल्युमिनियमच्या दांड्यातून काढली होती. आत सरकणारा पांढरा नायलॉनचा सांगाडाही त्याचाच. त्या सांगाड्यावर जनार्दनने बॅटरी बसवली, आवाजाचं बोर्ड बसवलं, बुडाला स्पीकर, टोकाला दिवा. केसासारख्या बारीक वायरी खाचांतून नेल्या आणि प्रत्येक वळणावर आपली गाठ मारली. बटण दाबलं की दुधी नळीचं पातं खालून वर निळं होत जायचं आणि मूठ घुमायची. पहिल्यांदा पेटली तेव्हा उर्वी किंचाळलीच, “पप्पा, धिस इज सो कूल!”

सुगंधालाही ती आवडली होती. तिला न आवडलं ते एवढंच, की सांगाडा बाहेर काढलेला असताना यासिरने मोबाइलवर आतल्या वायरींचे फोटो घेतले. एक नाही, दहा-बारा.

“कशाला हो फोटो?” तिने चहा ठेवता ठेवता हळूच विचारलं.

“असेच, वहिनी,” तो म्हणाला.

असेच कुणी फोटो काढतं? लेथ याच्याकडे, अरबी याच्याकडे, जाफरची ओळख याची. राहिलं होतं ते फक्त वायरिंग. ते एकदा बघून शिकला की जनार्दनची गरज कुणाला? संध्याकाळी दिवा लावताना आणि सकाळी पोथीचा अध्याय वाचताना तो फोटोंचा विचार ओळींच्या मध्ये येऊन बसायला लागला.

खंडेनवमी सोमवारी आली. जनार्दनने ड्यूटीवर जायच्या आधी आपली हत्यारं पुसून पाटावर मांडली. पक्कड, कटर, पेचकस, सोल्डरची बंदूक, मीटर. “पूजा करून ठेव,” म्हणाला आणि बस पकडायला गेला.

सुगंधाने पाटाकडे पाहिलं. पक्कड आहे, पेचकस आहे, आणि घरात खरीखुरी तलवार असताना ती मात्र नाही! पुरुषांना आठवत नाही. तिने आतल्या खोलीतून कापडावरची मूठ उचलून आणली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. हत्यारांना गंज धरतो म्हणून त्यांच्यावर ती नुसतं फुलाने पाणी शिंपडायची. तलवारीची ही पहिलीच पूजा, शिवाय सगळं घर तिच्यावर टांगलेलं. म्हणून तिच्यावर पळीभर दूध-पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग लक्षात आलं, ही जाफरसाहेबांकडे जायची वस्तू, कुंकू दिसायला नको. मऊ फडक्याने तिने मूठ लखलखीत पुसली, दाणे झटकले आणि जिथली तिथे ठेवून दिली.

“पूजा केलीस?” संध्याकाळी जनार्दनने विचारलं.

“केली.”

दुसऱ्या दिवशी दसरा. इथे सुट्टी नसतेच. दुपारी दोनच्या सुमाराला बेल वाजली. दारात यासिर.

“वहिनी, बुडाची कडी नवी काढलीय, लावून बघतो. जनार्दनला सांगितलंय मी.”

त्याने तसं सांगितलं होतं हे खरं. ती बाजूला झाली. तो आतल्या खोलीत गेला आणि दार पुढे ओढून घेतलं. पंख्याचा वारा लागून बारीक स्क्रू उडतात म्हणून जनार्दनही तसंच करायचा. पण जनार्दनचं वेगळं. सुगंधा ओट्याशी उभी राहून कान देत राहिली. स्क्रू फिरल्याची कुरकुर. सांगाडा सरकल्याचा आवाज. कडी तर बाहेरून बसते, मग सांगाडा कशाला? मग शांतता. घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

तिने चहाचं निमित्त करून दार ढकललं. यासिर दचकला. हातातला रुमाल त्याने चटकन खिशात कोंबला, पण कोंबण्याआधी तिला दिसलं ते दिसलं. रुमालावर लालसर डाग होता.

“बोट कापलं का?”

“नाही, नाही. झालंच माझं.” त्याने बटण दाबलं, मूठ घुमली, परत दाबून बंद केली. “बघा, चालते. निघतो.”

“चहा?”

“पुन्हा कधीतरी.”

यासिर चहाला नाही म्हणाला, हे सतरा वर्षांत पहिल्यांदा घडलं.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला सुगंधा पानावर बसली. चातुर्मासात तिचं मौनव्रत असे. पहिला घास घेतला की हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मग घरात काही होवो. सासूबाईंकडून आलेला नेम, अजून एकदाही मोडला नव्हता. वरणभाताचा दुसरा घास तिच्या हातात होता आणि जनार्दन आतून आला. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात बाहेर काढलेला सांगाडा. चेहरा पांढरा.

“मेलीय ही. पेटत नाय. आणि ही गाठ बघ.” त्याने सांगाडा तिच्या डोळ्यांसमोर धरला. “ही माझी नाय. मी शेवट आत वळवतो, ही बाहेर ठेवलीय. कुणीतरी सगळं सोडवून परत बांधलंय. कोण आलं होतं?”

सुगंधाने डाव्या हाताने हनुवटीखाली दाढी दाखवली.

“यासिर? तो कडी लावायला येणार होता. कडी लावायला गाठी कशाला सोडवील?”

तिने मान हलवली. घड्याळाकडे बोट केलं आणि दोनदा दहा बोटं दाखवली. मग हवेत एक दार ओढून बंद केलं.

“ट्वेंटी मिनिट्स?” उर्वी वहीतून डोकं वर काढून म्हणाली. “आई, यासिर अंकल आत होते आणि डोअर बंद केला?”

सुगंधाने होकार दिला. मग हात पुसल्याचं केलं, आणि काहीतरी घाईने खिशात लपवल्याचं केलं.

“ओ माय गॉड. पप्पा, आई सेज त्यांनी काहीतरी लपवलं!”

तोंडाने सांगितलं असतं तर त्यात ‘मला वाटतं’ आलं असतं, ‘कदाचित’ आलं असतं, ‘चालवून दाखवली त्याने’ हेही आलं असतं. हाताला ते शब्द नसतात. जनार्दनने तिथल्या तिथे फोन लावला. पानावर आणखी चार घास उरले होते. ते सुगंधाने भराभर संपवले नाहीत, हेही खरं.

“काय केलंस तू माझ्या वायरिंगला?” जनार्दनचा आवाज चढला होता. “नाय, मी नव्हतो, पण सुगंधाने बघितलंय... दार लावून काय करत होतास? शुक्रवार तोंडावर आला आणि... काम पाहिजे होतं तर तोंडाने सांगायचं होतंस, मेल्या!”

फोन स्पीकरवर नव्हता. मग यासिर हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि फोन बंद झाला.

“काय म्हणाला?” हात धुऊन सुगंधाने विचारलं.

“‘वहिनी म्हणतात तर तसंच असेल’ म्हणाला. आणि खलास.”

त्यानंतर यासिरने फोन उचलला नाही. गुरुवारी सकाळी नाही, दुपारीही नाही. सुगंधाला वाटलं, खरं असेल म्हणूनच उचलत नाही. चोर असा गप्पच बसतो. पण तिची पोथी त्या दिवशी पुढे सरकेना.

गुरुवारी जनार्दन अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला आणि टेबलावर पांढरा कागद पसरून सगळी मूठ सुटी केली. बॅटरी तळाला गेली होती, ती चार्जिंगला लावली. बोर्ड ठीक होतं. “जोडलंय मात्र बरोबर,” तो स्वतःशीच पुटपुटला. “वाट लावायची होती तर एक वायर कापून बस होतं. इतकं पुसलंय कशाला?” स्पीकरचा कागद मात्र फुगून वाकडा झाला होता. मग त्याने बटण काढलं. ते वर येत नव्हतं, अर्धवट दाबलेलंच अडकलं होतं, म्हणून रात्रभर आत वीज जळत राहिली असणार. त्याने चिमट्याने कडेला खरवडलं. काहीतरी निघालं. ते त्याने कागदावर ठेवलं आणि भिंग पुढे ओढून बघितलं.

“सुगंधा.”

ती आली. पांढऱ्या कागदावर तांदळाची एक कणी होती. कुंकवाने लाल झालेली.

“हा तांदूळ यासिरच्या घरचा नाय,” जनार्दन म्हणाला.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“पाटावर मी ही ठेवली होती?”

“नाही.”

“पाणी घातलंस?”

“पळीभरच. दूध-पाणी. शस्त्र म्हणून... अहो, देवाचं पाणी होतं.”

“देवाचं असलं तरी पाणीच ना गो ते.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता कपाळाला हात लावला. आणि सुगंधाच्या डोळ्यांसमोर तो रुमाल आला. तो लालसर डाग रक्ताचा नव्हता.

“चला,” ती म्हणाली. “आत्ताच त्याच्याकडे जाऊ.”

दार यासिरच्या बायकोने, रशीदाने उघडलं. एरवी ‘या वैनी’ म्हणून हात धरून आत नेणारी ती दारातच उभी राहिली.

“आता काय बघायला आल्यात? कपाट उघडून दाखवू? तुमची एखादी वायर हाय काय बघा आत.”

“रशीदा, मी त्यांची माफी मागायला आलेय.”

“मला कशाला सांगता? त्यांनी कालपास्नं धड जेवण नाय घेतलं.”

“येऊ दे त्यांना,” आतून यासिर म्हणाला.

तो दिवाणावर बसला होता, उठला नाही. सुगंधाने उभ्यानेच सांगितलं. पाट, पळी, कुंकू, कणी, सगळं. तिचा आवाज मुळातच हळू, त्या दिवशी आणखी खाली गेला होता. पण एकही गोष्ट तिने गाळली नाही. फोटोंवरून आपल्या मनात काय आलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

यासिरने ऐकून घेतलं. “मला माहीत होतं,” तो म्हणाला. “कडी काढली तर आतून लाल पाणी आलं. खाली अक्षता. मी सांगाडा काढला, सगळं पुसलं, स्पिरिट लावलं, परत बांधलं. एक दाणा राहिला ती माझी चूक.”

“मग बोलला का नाहीस?” जनार्दन कळवळून म्हणाला. “फोनवर तरी बोलायचं!”

“काय बोलायचं?” आता पहिल्यांदाच यासिरचा आवाज वर गेला. “तुझ्या बायकोने पूजा केली आणि त्या पूजेने नुकसान झालं, हे मी सांगू? मी? तू ऐकलं असतंस. पण उद्या तुझ्या गावात, माझ्या गावात कुणी ऐकलं असतं तर कसं दिसलं असतं ते? म्हटलं, गुपचूप सुकवून टाकावं. वहिनींचं मन पण राहील, काम पण राहील.”

रशीदा पदराने डोळे पुसत आत गेली. चहा मात्र आला नाही.

“उद्या चार वाजता जाफरसाहेबांकडे,” यासिर शेवटी म्हणाला. “मी शब्द दिलाय त्यांना. त्यांच्यासाठी येतो. नंतरचं नंतर.”

शुक्रवारी चार वाजता ते चौघे दुकानाच्या मागच्या खोलीत होते. जाफर काउंटरच्या पलीकडे, हे तिघे अलीकडे. सुगंधाला न्यायचं जनार्दनच्या मनात नव्हतं, पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती. जाफरने मूठ हातात तोलली, बटण दाबलं. पातं निळं होत वर चढलं. आवाजही आला, पण घशात खरखर असल्यासारखा.

जाफरने भुवया वर केल्या. “क्या हुआ इसको? आइसक्रीम खाया क्या?”

जनार्दनने यासिरकडे पाहिलं. यासिरने पुढे होऊन हसत अरबीत काहीतरी सांगायला सुरुवात केली. ‘कुरियर’ एवढा एकच शब्द सुगंधाला कळला, आणि तो पुरेसा होता. बिघाड कुरियरवर ढकलून तो परत झाकत होता. तिच्यासाठी, पुन्हा एकदा. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. व्हिसा, उर्वीची दहावी, सगळं त्या गप्प राहण्यात होतं.

“नहीं साहेब,” ती म्हणाली. “कुरियर नहीं. मैंने इसके ऊपर पानी डाला. पूजा में. अंदर गया. यासिरभाई ने साफ किया, और मैंने नाम उनका लगाया. उनका कुछ गलती नहीं.”

जनार्दनने डोळे मिटून घेतले. जाफरने एकदा तिच्याकडे, एकदा यासिरकडे पाहिलं. हसावं की रागवावं हे त्याचं ठरत नव्हतं.

“कितना पानी?”

“एक चम्मच.”

“एक चम्मच!” त्याने मूठ काउंटरवर ठेवली. “हमारा कस्टमर तो हाथ में जूस लेके खेलता है. बच्चा लोग समंदर पे लेके जाता है. एक चम्मच में मर गया तो?”

“बाहर का तलवार भी...” जनार्दनने तोंड उघडलं.

“बाहर वाला छोड़ो.” जाफरने आपला फोन काढून त्याच्यापुढे धरला. पडद्यावर सांगाड्याचे फोटो होते, वायरींची वेणी, एकामागून एक. “ये काम तुम्हारा है ना? यासिर दो महीना से मेरा दिमाग खाता है, ऐसा हाथ पूरे मस्कत में नहीं. ठीक है, मैं मानता हूँ. लेकिन ये अंदर का सुंदर है, बाहर से खुला है. मेरे को बंद चाहिए. बाल्टी में डालेगा, निकालेगा, जलना मंगता. एक महीना. फिर व्हिसा का बात.”

“एक महिना,” बाहेर आल्यावर जनार्दन म्हणाला. नोव्हेंबरचा मध्य. डिसेंबर संपायला तिथून पुढे सहा आठवडे. जमलं तर जमलं.

त्याने सुगंधाला एक शब्दही बोल लावला नाही. तिला मात्र वाटत होतं, आपण खरं बोललो ते कुणाच्या ताटातलं काढून? पोरीच्याच ना? पण बोललेलं परत घ्यावंसंही तिला वाटेना.

यासिर आपल्या गाडीशी पोचला होता. जनार्दन त्याच्यामागे गेला. “पाणी अडवायला मुठीला खाच काढावी लागेल. लेथशिवाय होणार नाय.”

“लेथवाले पुष्कळ आहेत.”

“असतील.”

यासिर गाडीत बसला. सुगंधा गाडीच्या मागे उभी होती.

“बाजूला व्हा, वहिनी. गाडी मागे घ्यायचीय.”

ती बाजूला झाली. गाडी मागे आली, वळली आणि तिथेच थांबली. काच खाली गेली.

“खाचेत रबरी कडी कितीची घालणार?” यासिर समोर रस्त्याकडे बघतच म्हणाला.

“चोवीस एमएमची,” जनार्दन म्हणाला.

“चोवीसची घातलीस तर बूड फिरणारच नाही. बावीसची घे. आणि जाडी दोनची, दीडची नको.”

काच वर गेली. जनार्दनने खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, म्हणून तळहातावरच लिहून घेतलं. बावीस, दोन.